कॅपिटॉलची फुकट टूर: भांडणं भिंतीवर, दोस्तीची सनद तळघरात

आधी पैशाचं सांगून टाकतो, बाकीचं नंतर. वॉशिंग्टनची कॅपिटॉल बिल्डिंग, म्हणजे अमेरिकेची संसद, आतून बघायला एक डॉलरसुद्धा लागत नाही. टूर फुकट, गाइड फुकट, कानाला लावायचा हेडफोन फुकट, सुरुवातीची फिल्म पण फुकट. आम्ही मात्र माणशी ३९ डॉलर भरून बसलो, कारण एका एजंटाच्या वेबसाइटवर लाइन न लावता प्रवेश असं मोठ्या अक्षरात होतं आणि मुलगा ऑफिसात होता म्हणून मी शहाणपणा करून कार्ड टाकलं. एजंटाचा माणूस आला, बाहेरून घुमट दाखवला, तीन-चार फोटो काढून दिले आणि म्हणाला आता त्या दारातून आत जा. आतली लाइन सगळ्यांना एकच. सिक्युरिटीची रांग कुणासाठीच स्किप होत नाही आणि टूरचं बुकिंग जे त्याने "करून दिलं" ते कॅपिटॉलच्या स्वतःच्या वेबसाइटवर कुणालाही दोन मिनिटांत करता येतं. नाव घेत नाही त्याचं, असे अजून बरेच असणार. एजंटाला एक स्टार, तो पण फोटो बरे आले म्हणून. कॅपिटॉलच्या टूरला पाचपैकी पाच, आणि का ते जरा लांबण लावून सांगतो.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो, आणि त्यातली बरीच वर्षं राजशिष्टाचाराची ड्युटी गळ्यात होती. म्हणजे मंत्री येणार, विधिमंडळाची समिती येणार, दुसऱ्या राज्यातले आमदार अभ्यास दौऱ्यावर येणार, की रेस्ट हाउसच्या खोल्या, गाड्या, शाल-श्रीफळ, कुणाची खुर्ची कुणाच्या शेजारी, कुणाला मधुमेह आहे, सगळं आमच्याकडे. अभ्यास किती व्हायचा ते देवाला माहीत पण दौरा मात्र अगदी व्यवस्थित व्हायचा. त्यामुळे पाहुणा म्हणून आलेला लोकप्रतिनिधी मला लांबून ओळखू येतो, आणि कुठल्याही सरकारी बिल्डिंगमध्ये गेलो की माझी नजर आधी जाते ती पाहुण्यांनी दिलेल्या वस्तू कुठे मांडल्यात तिकडे. समोरच्या हॉलमध्ये आहेत का जिन्याखाली, धूळ पुसलेली आहे का नाही, त्यावरून दोघांचे संबंध कसे आहेत ते कळतं, बातम्या वाचायची गरज नाही.

तर मेट्रोने कॅपिटॉल साउथ स्टेशनला उतरायचं, तिथून चालत. व्हिजिटर सेंटर बिल्डिंगच्या पूर्वेला आहे पण दिसत नाही, कारण ते सगळं जमिनीखाली आहे, २ डिसेंबर २००८ ला उघडलं. त्याच्या आधी लोक म्हणे बाहेर उन्हापावसात उभे राहायचे. सोमवार ते शनिवार चालू असतं, रविवारी बंद. खाण्याचं काही आत नेता येत नाही, पाण्याची भरलेली बाटली पण नाही, आणि आमच्या हिच्या पर्समध्ये शंकरपाळ्यांचा डबा होता. सूनबाईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आई डबा नका घेऊ, पण सवय कुठे जाते. मग आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघं, सूनबाई आणि नातू, दाराबाहेर उभं राहून दहा मिनिटांत अख्खा डबा संपवला, शेजारच्या रांगेतल्या एका कोरियन बाईंनाही दिले, त्यांना आवडले. ही पण एक प्रकारची डिप्लोमसीच म्हणा.

आत १३ मिनिटांची फिल्म दाखवतात. ठीक आहे, देशभक्तीची असते तशी, मी दोनदा जांभई दिली. मग हेडफोन देतात आणि लाल कोटातली गाइड पुढे आणि आपण मागे. आमची गाइड चाळिशीची बाई होती, आवाज छान, घाई नाही, आणि मुख्य म्हणजे पाठ केलेलं बोलत नव्हती. टूरमध्ये तीन मोठ्या जागा: क्रिप्ट, रोटुंडा आणि स्टॅच्युअरी हॉल. बहुतेक लोकांचा जीव रोटुंडात अडकतो, साहजिक आहे, १८० फूट उंच घुमट, वर छतावर वॉशिंग्टन देवांमध्ये बसलाय. मी अडकलो खाली क्रिप्टमध्ये, जिथे लोक रोटुंडात जायच्या घाईत पाच मिनिटं काढतात.

क्रिप्ट म्हणजे घुमटाच्या बरोबर खालची गोल खोली, ४० दगडी खांब. तिथे एका बाजूला काचेत एक झगमगीत वस्तू आहे, सोनं, मिनाकारी, रत्नं, पहिल्यांदा बघून मला वाटलं कुठल्यातरी राजाचा दागिना असेल. तर ती मॅग्ना कार्टाची सोन्याची प्रत. मॅग्ना कार्टा म्हणजे ती महासनद, शाळेत इतिहासात होती बघा, १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजाकडून त्याच्या सरदारांनी लिहून घेतली की राजासुद्धा कायद्याच्या वर नाही. ही सोन्याची प्रत ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेच्या काँग्रेसला (यांच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, पार्टी नाही) भेट दिली, १९७६ साली. आणि १९७६ कशाचं वर्ष? अमेरिका ब्रिटिशांपासून सुटली त्याला २०० वर्षं झाल्याचं. म्हणजे बघा, ज्याच्या घरातून आपण भांडून वेगळे झालो, त्यानेच वेगळं झाल्याच्या वाढदिवसाला सोन्याची भेट आणली. आपल्याकडे वाटणी झालेल्या भावांमध्ये असं होतं का हो? आमच्या तालुक्यात तर बांधावरून तिसरी पिढी कोर्टात आहे.

आणि नुसती पोस्टाने पाठवली असं नाही. मे १९७६ मध्ये हाउसचे, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाचे, तेव्हाचे स्पीकर कार्ल अल्बर्ट अमेरिकन खासदारांचं शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ झाला. मग ३ जूनला इकडे रोटुंडात दुसरा समारंभ. सोन्याच्या प्रतीबरोबर १२१५ च्या मूळ प्रती ज्या जगात फक्त ४ उरल्यात त्यातली एक उसनी दिली होती, वर्षभर इथे ठेवून मग परत नेली. सोन्याची ठेवून घ्या, कातड्यावरची आमची आम्हाला परत द्या. माझ्या मते हा व्यवहार फार हुशारीचा आहे. खरी किंमत कशाची हे दोघांनाही माहीत होतं, आणि तरी कुणी कमी दिलं असं कुणाला वाटलं नाही. पाहुण्याला भेट देताना हेच तर जमायला लागतं, आम्ही आयुष्यभर शाल आणि नारळावर भागवलं.

गाइडने सांगितलं की ही पेटी आधी वर रोटुंडात असायची, नंतर खाली आणली. मी मनात म्हटलं, बघा, आलीच जिन्याखाली! पण खाली आणली तरी उजेड नीट आहे, काच स्वच्छ आहे, शेजारी माहिती लिहिलेली आहे. धूळ नाही. म्हणजे संबंध चांगले आहेत.

नातू दहा वर्षांचा आहे, त्याला सोन्यात इंटरेस्ट नव्हता, त्याने विचारलं आजोबा ही बिल्डिंग कधी जळली होती का. याला कुणी सांगितलं काय माहीत, शाळेत असेल. तर हो, जळली होती, आणि जाळली कुणी तर याच ब्रिटिशांनी. २४ ऑगस्ट १८१४, ब्रिटिश सैन्य वॉशिंग्टनमध्ये घुसलं, प्रेसिडेंटचं घर जाळलं, कॅपिटॉल जाळलं, आत काँग्रेसची लायब्ररी होती ती पुस्तकांसकट गेली. म्हणजे सोन्याची पेटी जिथे ठेवलीय ती इमारत देणाऱ्यांच्याच पणजोबांनी पेटवलेली. गाइडने हे अगदी हसत सांगितलं, आमच्या ग्रुपमध्ये एक वयस्कर इंग्लिश जोडपं होतं, त्यांच्याकडे बघून ती थांबली, तो म्हातारा मान खाली घालून हात जोडल्यासारखं काहीतरी करत होता, सगळे हसले. नंतर मला आठवलं की ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान टोनी ब्लेअर, त्याने पण हेच केलं होतं. जुलै २००३ मध्ये इथे भाषणाला आला, तेव्हा त्या १८१४ च्या लायब्ररीचा विषय काढून म्हणाला की जरा उशीर झालाय, पण सॉरी. १८९ वर्षांनी. सगळं सभागृह हसलं, आणि गंमत बघा तेव्हा दोघांचंही सैन्य इराकमध्ये होतं आणि ब्लेअरला त्याच्याच पार्टीतले लोक घरी फाडून खात होते. हसवून घेतलेल्या टाळ्या घरी चालत नाहीत.

मग रोटुंडा. इथे गोल भिंतीवर आठ मोठी चित्रं आहेत, त्यातली चार ट्रंबुल नावाच्या चित्रकाराची, आणि त्या चारातल्या दोन चित्रांत ब्रिटिश शरण येतायत. एकात जनरल बर्गॉइन, दुसऱ्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसचं सैन्य. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, जिंकलेला आपलं चित्र लावणारच. पण ब्रिटनचा कुठलाही पाहुणा खासदार आला की त्याला याच खोलीतून नेतात! आणि नेतात म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर नेलं. आमची टूर तिथे असताना एक आठ-दहा जणांचा ग्रुप आला, सूट, कोटाला छोट्या पिना, पुढे एक फाइल घेतलेली पोरगी घड्याळ बघत उलट्या पावलांनी चालतेय, मागे एक फोटोग्राफर, आणि सगळ्यात मागे एक जण फोनवर. मी हिला म्हटलं, ही बघ समिती. ही म्हणाली तुम्हाला इथे पण तेच दिसणार. पण बोलण्यावरून इंग्लिशच होते, आणि ते बरोबर त्या कॉर्नवॉलिसच्या चित्राखाली उभे राहिले, फोटो काढला, एकाने वर बोट दाखवून काहीतरी म्हटलं, सगळे हसले, पुढे गेले. दोन मिनिटं. फाइलवाल्या पोरीच्या चेहऱ्यावर मी ओळखीचा भाव पाहिला, चला हा कार्यक्रम निर्विघ्न पार पडला, आता जेवण.

त्या चित्राबद्दल थोडं जास्त सांगू दे, कारण राजशिष्टाचाराच्या माणसाला त्याच्याइतकं मजेदार चित्र मिळायचं नाही. १९ ऑक्टोबर १७८१, यॉर्कटाउन. चित्राच्या एका बाजूला अमेरिकन सैन्य, दुसऱ्या बाजूला फ्रेंच सैन्य पांढऱ्या निशाणाखाली, मधून हरलेले ब्रिटिश चाललेत. नाव कॉर्नवॉलिसचं आणि तो चित्रात नाहीच! तब्येत बरी नाही सांगून तंबूत बसला आणि आपल्या दुय्यमाला, ओहारा नावाच्या जनरलला, तलवार घेऊन पाठवला. हा ओहारा आधी फ्रेंच सेनापतीकडे गेला, म्हणजे बंडखोरांच्या हातात नको, युरोपातल्या राजाच्या माणसाच्या हातात देऊ. फ्रेंचाने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टनने बघितलं की समोर दुय्यम आलाय, मग त्याने पण आपल्या दुय्यमाकडे, लिंकनकडे बोट दाखवलं. (हा लिंकन वेगळा, तो प्रेसिडेंटवाला नाही.) बरोबरच आहे, साहेब आले नाहीत तर साहेबांनी का घ्यावं. मंत्र्यांच्या जागी पीए आला की आमचे कलेक्टर साहेबही स्वागताला तहसीलदाराला पाठवायचे.

आणि मराठी माणसाने त्या चित्रासमोर अजून एक मिनिट थांबावं. हाच कॉर्नवॉलिस पुढे पाच वर्षांनी, १७८६ ला, हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. अमेरिकेत हरलेला माणूस आपल्याकडे बढतीवर. १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूला घेरला तेव्हा त्याच्याबरोबर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन होते, निजाम पण होता. म्हणजे आपण याचे दोस्त राष्ट्र होतो बरं का. त्या दोस्तीचं पुढे काय झालं ते १८०३ ला आणि मग १८१७ ला शनिवारवाड्यावर कळलं. कॉर्नवॉलिस गाझीपूरला मेला, १८०५ मध्ये, कबर तिथेच आहे. सूनबाई म्हणाली बाबा चला, ग्रुप पुढे गेला. हेडफोनमधून गाइडचा आवाज खरखरायला लागला तेव्हा मी निघालो.

स्टॅच्युअरी हॉल पटकन सांगतो. प्रत्येक राज्याने दोन पुतळे द्यायचे अशी पद्धत आहे, सगळे इथे मावत नाहीत म्हणून बिल्डिंगभर पसरलेत. एका जागी उभं राहून कुजबुजलं की दुसरीकडे ऐकू येतं, गाइड करून दाखवते, पोरांना फार आवडतं. मला आवडलं ते हे की ही जुनी हाउसची सभा भरायची जागा, आणि १० डिसेंबर १८२४ ला इथे लाफाएत बोलला, फ्रान्सचा सेनानी, हाउससमोर बोललेला पहिला परदेशी पाहुणा. यॉर्कटाउनच्या त्या लढाईत वॉशिंग्टनबरोबर होता तोच. तेव्हापासून ही पाहुण्यांना भाषणाला बोलवायची प्रथा सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. टूर इथे संपते. बरेच लोक इथून गिफ्ट शॉपला जातात. तुम्ही जाऊ नका, म्हणजे नंतर जा, आधी पुढचं करा.

पुढचं म्हणजे गॅलरी. हे त्या एजंटाने अजिबात सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात भारी हेच आहे. सभागृहाच्या गॅलरीत बसायला वेगळा पास लागतो. अमेरिकन लोक तो आपल्या खासदाराच्या ऑफिसातून घेतात, आपल्यासारख्या परदेशी लोकांना व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावर हाउस आणि सिनेटची (सिनेट म्हणजे वरचं सभागृह, आपल्या राज्यसभेसारखं) वेगवेगळी डेस्क आहेत तिथे विचारायचं. पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नको. फोन, कॅमेरा सगळं जमा करावं लागतं, परत एकदा मशीनमधून जायचं. ही म्हणाली आता अजून किती वेळा तपासणार, लग्नाला आले का चोरी करायला.

हाउस चालू होतं. चालू म्हणजे काय, साडेचारशे खुर्च्या आणि माणसं मोजून नऊ. एक जण उभा राहून तावातावाने बोलतोय, समोर कुणी नाही, टीव्हीसाठी बोलतोय. आपल्याकडचा अनुभव असल्याने मला धक्का बसला नाही. मी भिंती बघत बसलो. स्पीकरच्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोन मोठी चित्रं, एक वॉशिंग्टनचं, आणि दुसरं परत तो लाफाएत. विचार करा, देशाच्या संसदेत स्पीकरच्या शेजारी परदेशी माणसाचं चित्र, दोनशे वर्षं होत आली. आणि वर गॅलरीच्या दारांवर संगमरवरात २३ चेहरे कोरलेत, जगातले कायदे करणारे. मोझेस, हम्मुराबी, सुलतान सुलेमान, नेपोलियन, आणि इंग्रजही आहेत, पहिला एडवर्ड, सायमन द माँटफर्ट, ब्लॅकस्टोन. हे पाहुणे खासदार बरे, ना गाडी लागते ना टीए-डीए.

इथेच परदेशी पाहुण्यांची भाषणं होतात. त्याला जॉइंट मीटिंग म्हणतात, जॉइंट सेशन नाही, हा फरक ते फार काटेकोर पाळतात, सेशन फक्त आपल्या प्रेसिडेंटसाठी वगैरे. चर्चिल तीनदा बोलला काँग्रेससमोर. पहिल्यांदा २६ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर होऊन तीन आठवडे पण नव्हते झाले, नाताळची सुट्टी म्हणून खासदार कमी, त्यामुळे छोट्या सिनेटच्या सभागृहात. त्याची आई अमेरिकन होती, त्यावरून तो म्हणाला होता की आई ब्रिटिश आणि वडील अमेरिकन असं उलटं असतं तर मी इथे स्वतःच निवडून आलो असतो. राणी एलिझाबेथ मे १९९१ ला आली, ब्रिटनच्या राजघराण्यातली गादीवरची पहिली. आपले पण बरेच येऊन गेले, नेहरू १९४९, राजीव गांधी १९८५, नरसिंह राव १९९४, वाजपेयी २०००, मनमोहन सिंग २००५, मोदी २०१६ आणि २०२३. आपण काय करारातले दोस्त नाही यांचे, पण बोलवतात.

पण भाषणं ही पंगतीतली मठ्ठ्याची वाटी हो, खरं जेवण दुसरंच असतं. गॅलरीत बसून मला ते आठवलं, एचआर १७७६. १९४१ साली ब्रिटनला युद्धसामान द्यायचं लेंड-लीजचं बिल याच हाउसमध्ये आलं, त्याला नंबर दिला होता १७७६! ब्रिटिशांना मदत करायच्या बिलाला ब्रिटिशांपासून सुटल्याच्या सालाचा नंबर. मी आयुष्यभर जावक रजिस्टरमध्ये नंबर टाकले, नंबर असे आपोआप पडत नसतात, कुणीतरी खट्याळ कारकून किंवा हुशार पुढारी असणारच. मार्च १९४१ ला तो कायदा झाला. युद्ध संपल्यावर १९४६ ला अजून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, व्याजासकट. दोस्ती आहे म्हणून माफ नाही केलं, आणि ब्रिटनने पण कटकट करत का होईना फेडलं, शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ ला. साठ वर्षं! गावात सोसायटीचं पीककर्ज यांच्याकडून फेडायला शिकावं.

आणि जमिनीचा व्यवहार तर मला फारच आवडला, महसूलचा माणूस ना मी. जिथे ती महासनद झाली त्या रनीमीडला ब्रिटनने १९६५ साली एक एकर जमीन केनेडींच्या स्मरणार्थ अमेरिकेला देऊन टाकली, पार्लमेंटमध्ये त्यासाठी कायदा करून. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. तिकडे सातबारा असता तर कब्जेदार सदरी काय लिहिलं असतं ह्याचा मी गॅलरीत बसून विचार करत होतो, तेवढ्यात नातवाने मला हलवलं, आजोबा झोपलात का. झोपलो नव्हतो.

खासदारांच्या दौऱ्यांबद्दल पण एक सांगतो. यांचे खासदार बाहेर जातात त्याला कोडेल म्हणतात, काँग्रेशनल डेलिगेशनचं छोटं रूप. आपल्या अभ्यास दौऱ्यासारखीच त्याची पण टिंगल होते, बायकोला नेलं, फिरायला गेले वगैरे. पण खर्चाचा रिपोर्ट काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये छापावा लागतो, कोण कुठे गेलं आणि किती लागले. आणि परदेशी सरकारकडून मिळालेली भारी भेटवस्तू घरी नेता येत नाही, राज्यघटनेतच आहे की काँग्रेसच्या परवानगीशिवाय परदेशी राजाकडून भेट घ्यायची नाही. म्हणून ती सोन्याची पेटी काँग्रेसला दिली, स्पीकरला नाही. तरी मला विचाराल तर दौरे हवेत. नाटोच्या देशांच्या खासदारांची १९५५ पासून वेगळी असेंब्ली आहे, दरवर्षी भेटतात. परराष्ट्र खात्याचे लोक बदली होऊन जातात, राजदूत तीन-चार वर्षांत निघतो, पण खासदार दहा-वीस-तीस वर्षं तिथेच असतो. आणि इथे तर कुठलाही तह करायचा तर सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. त्यामुळे आज ज्याच्याबरोबर कॉर्नवॉलिसच्या चित्राखाली हसला त्याला उद्या फोन करता येतो. ते दोन मिनिटांचं हसू मला म्हणून फुकट वाटलं नाही. लंडनच्या पार्लमेंटमध्ये तर रॉयल गॅलरीत ट्रफाल्गर आणि वॉटर्लूची भिंतभर चित्रं आहेत आणि फ्रान्सच्या प्रेसिडेंटला तिथेच भाषणाला उभं करतात, सार्कोझी बोलला २००८ ला, मॅक्राँ २०२५ ला. कुणी पडदा लावत नाही. आमच्याकडे एकदा पाहुणे येणार म्हणून हॉलमधला जुना फोटो उतरवला होता आणि भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, पाहुणे त्या चौकोनाकडेच बघत बसले.

कुणी जावं: शाळेतली मुलं, इतिहासाची आवड असणारे, सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेले नक्की. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, व्हीलचेअर मिळते, हिने घेतली नाही आणि रात्री बोलत होती. हाउस किंवा सिनेट चालू असेल असा दिवस बघून जा, सुट्टीच्या काळात गॅलरीत मजा नाही. एजंटाला पैसे देऊ नका, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

आणि परत निघताना बाहेरच्या दाराने जाऊ नका, व्हिजिटर सेंटरमधून भुयारी रस्ता आहे तो थेट लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये निघतो, ती पण फुकट, फक्त वेळेचा पास काढून ठेवा. तिथली गोष्ट अशी की ब्रिटिशांनी पुस्तकं जाळल्यावर जेफर्सनने, म्हणजे यांच्या माजी प्रेसिडेंटने, स्वतःची ६,४८७ पुस्तकं काँग्रेसला विकली, विकली बरं का, दान नाही, २३,९५० डॉलरला, १८१५ साली. त्यातून लायब्ररी परत उभी राहिली. आणि मग १८५१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी परत आग लागली आणि जेफर्सनची दोन तृतीयांश पुस्तकं गेली. नातवाने लगेच विचारलं, परत ब्रिटिश? नाही रे बाबा, यावेळी धुराडं खराब होतं, आपलंच. त्याची सॉरी कुणी कुणाला म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.